सांबरा ते बेंगळूरु : विमानाने वेळ खरोखर किती वाचतो?

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून बेंगळूरुच्या केंपेगौडा विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ४४५ किलोमीटर असून, प्रवासास साधारण सव्वा तास लागतो. सेवा मला मनापासून आवडली, कारण रस्त्याने किंवा राणी चन्नम्मा एक्सप्रेसने जाताना अख्खी रात्र खर्ची पडते. मात्र केंपेगौडा विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर असल्याने आणि तेथील रहदारी ठाऊक असल्याने, उतरल्यावर मुक्कामी पोहोचण्यास उड्डाणाहून अधिक वेळ लागू शकतो. त्यामुळे निपाणी-खानापूरकडील प्रवाशांनी घरापासूनचा वेळ मोजावा. रुग्ण व वृद्धांसाठी मात्र मी विमानच सुचवीन. सांबऱ्याची इमारत आटोपशीर आहे आणि फार चालावे लागत नाही.