म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायांसाठी आधारपट्टा: कोणता घ्यावा, कोणता दुकानातच ठेवावा

लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड म्हातारा होऊन मागून लटपटायला लागला की दुकानात आधी दाखवतात ती पोटाखालून घ्यायची रुंद पट्टी. स्वस्त असते, झटक्यात लागते आणि लवकरच माळ्यावर जाते. सगळा भार पोटावर येतो, पट्टी बरगड्यांकडे सरकते, मूत्राशय दाबलं जाऊन कुत्र्याची चालता चालता लघवी गळते. नर असेल तर लघवी थेट पट्टीवरच. ऑपरेशननंतर चार दिवस आधार हवा असेल, तर जुन्या सुती साडीची चौघडी हेच काम करते आणि लवकर वाळते.

पैसे घालावेत ते दोन फासांच्या पट्ट्यात. मागचे दोन्ही पाय फासांतून घालायचे, मूठ पाठीवर येते. भार मांड्यांवर आणि कमरेवर पडतो, शी-शूची जागा मोकळी राहते. मापं दोन, कुत्रा उभा असताना: मागच्या पायांच्या अगदी पुढे कमरेचा घेर आणि जांघेजवळ मांडीचा घेर. वजनाच्या तक्त्यावरून साइज मागवू नका. म्हाताऱ्या कुत्र्याचं वजन 30 किलो असलं तरी मांड्या झडलेल्या असतात. फास ढगळ बसतो आणि पावलागणिक जांघेत घासतो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको.

वापरताना हमखास होणारी चूक म्हणजे कुत्र्याला पिशवीसारखं उचलणं. मूठ इतकीच ओढायची की पाठ सपाट राहील आणि मागचे पंजे जमिनीला टेकतील. पंजे लटकले की वजन पुढच्या पायांवर जातं, आणि त्या वयात खांदे-कोपरही झिजलेलेच असतात. म्हणून मुठीचा पट्टा लांबवता येणारा हवा, नाहीतर तुमची कंबर आधी जाईल. जिना उतरताना एकट्या मागच्या पट्ट्यावर भरवसा नको. पुढे छातीचा हार्नेस आणि तोही हातात.

विकत घेण्याआधी मुठीचा जोड उलटून पाहा. चौकोनात फुलीची शिवण असेल तर टिकतो, नुसती एक सरळ ओळ असेल तर उसवतो. एकट्या व्हेल्क्रोवर बसणारा पट्टा केस अडकून महिनाभरात सुटायला लागतो, तेव्हा सोबत बकल हवंच. आतून निओप्रिन (स्पंजासारखं रबरी कापड) मऊ लागतं खरं, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते वाळत नाही आणि ओल्या फासाने जांघेत चट्टे उठतात. आपल्याकडे जाळीचं अस्तर बरं. तेही दोन नग, एक अंगावर, एक दोरीवर. फिरून आलं की काढायचा. दिवसभर घालून ठेवायची ही वस्तू नाही. रोज संध्याकाळी जांघ उजेडात बघा. लाल दिसली तर दोन दिवस पुन्हा साडी.

पंजा उलटा पडून नखं घासत असतील तर पट्ट्याने ते थांबत नाही, रबरी तळाचे मोजे लागतात. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर रबरी चटया नसतील तर पट्टाही निम्माच उपयोगी.

आणि कालपर्यंत चालणारा कुत्रा आज अचानक मागचे पाय ओढू लागला असेल, तर पट्टा मागवत बसू नका. मणक्यातली चकती सरकलेली असू शकते. सपाट फळीवर झोपवून, कमीत कमी हलवत, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.