दहावीनंतरची कृषी पदविका की बारावीनंतरची बी.एस्सी. कृषी?

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि आज आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांसमोर तेथपर्यंत जाणाऱ्या दोन वाटा असतात. पदविकेला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो व ती दोन वर्षांत हाती पडते. पदवीसाठी मात्र बारावी विज्ञान, सीईटी आणि त्यानंतर चार वर्षे द्यावी लागतात.

घरची ओढाताण असेल, तर मी पदविकेला कमी लेखणार नाही. तिच्या आधारे कृषी सेवकाच्या भरतीसाठी अर्ज करता येतो, खते व कीटकनाशकांच्या विक्रीचा परवानाही मागता येतो. जूनच्या तोंडावर दुकानात आलेल्या शेतकऱ्याला घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगणे, सत्तरच्या खाली उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायला किंवा बियाणेच बदलायला लावणे, हे काम लहान नाही. त्यावर एका घराचा हंगाम तरतो.

पदवीचा पल्ला अर्थातच लांबचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, बँकांमधील कृषी अधिकाऱ्यांची पदे, एम.एस्सी. आणि संशोधन यांची दारे पदवीशिवाय उघडत नाहीत. शेवटच्या वर्षी विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करतात, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र खाजगी महाविद्यालय निवडताना शुल्काआधी त्याचे प्रक्षेत्र, म्हणजे प्रत्यक्ष पिके उभी असलेली जमीन, स्वतः पायी फिरून पाहावी.