जांभळ्या पानांचं झाड: लाल युफोर्बिया की लोरोपेटालम?

नर्सरीत काळ्या पिशवीतली रोपं लांबून सारखीच दिसतात. ओळखायचं तर एक पान देठापाशी मोडा (मालकाला विचारून!). पांढरा चीक आला तर युफोर्बिया कोटिनिफोलिया. आपल्या शेराचंच भावंड, मूळचं मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातलं. चीक नाही आणि पान हाताला खरखरीत लागतं, ते लोरोपेटालम. चीक आहे, पण पान वरून हिरवं आणि खालूनच तांबडं, तर ते एक्सोकेरिया. त्याचं झुडूपच राहतं.

युफोर्बियाची पानं गोलसर, लांब देठाची, एका पेरावर तीन-तीन. उन्हाकडे धरलं की थेट कोकमाच्या आगळाचा रंग. लोरोपेटालमची पानं एकाआड एक, इंच-दोन इंचांची. फुलं गुलाबी, कातरलेल्या पताकांसारखी. फोटोवरून शोधलं तर ‘स्मोक बुश’ (म्हणजे कोटिनस) असंही उत्तर येऊ शकतं. ‘कोटिनिफोलिया’ म्हणजेच त्या कोटिनससारख्या पानांचं. पण कोटिनसला थंडी लागते, पानं एकाआड एक असतात आणि दुधासारखा चीक नसतो.

झाडच हवं असेल तर युफोर्बिया. बागेत 10 ते 15 फूट होतं. दिवसाला निदान सहा तास ऊन हवं, नाहीतर पानं हिरवट पडतात. पाणी साचलं की मुळं कुजतात. हिवाळ्यात पानं गळली तर मेलं समजून उपटू नका.

लोरोपेटालम सावकाश वाढतं, कुंडीत छान राहतं. त्याचं दुखणं म्हणजे चुनखडीची काळी माती. तिच्यातलं लोह त्याला घेता येत नाही, मग शिरा तेवढ्या गडद आणि मधला भाग फिका पडतो. बोअरच्या जड पाण्याने आणखी बिघडतं. लाल माती, शेणखत आणि कोकोपीट समान घ्या.

मुलं खेळतात किंवा गुरं-शेळ्या येतात तिथे मात्र युफोर्बिया लावूच नये. फांद्या ठिसूळ, आणि चिकाने कातडी भाजल्यासारखी होते. छाटताना रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. कापलेल्या टोकावर पाणी मारलं की चीक थांबतो. डोळ्यात गेला तर न चोळता 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका, शेळ्या तोंड घालतात.