लाकडी एंटरप्राइझ: दोघांची शिडाची होडी, दोनापावलच्या वाऱ्यात

होडी फायबरचीच घे, असे मला सगळ्यांनी सांगितले होते. मी मात्र पुण्याकडची एक जुनी प्लायवूडची एंटरप्राइझ घेतली, टेम्पोवर बांधून चोर्ला घाटातून आणली आणि हंगामभर भाचीला सोबत घेऊन गोव्यात दोनापावलला चालवली. माझे मत स्पष्ट आहे: घरात शीड धरणारी दोन माणसे असतील तर हीच घ्या.

जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ साली ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्रासाठी हिचा आराखडा केला, तो घरी होडी बांधू पाहणाऱ्यांसाठी. लांबी ४.०४ मीटर, बांधा साधारण ९० किलोचा. प्लायचे सपाट पट्टे कडेला कड लावून जोडलेले, त्यामुळे गोल वळवलेली लाकडे लागत नाहीत. त्याचे मोल दुरुस्तीच्या वेळी कळते. माझ्या होडीत सेंटरबोर्डच्या, म्हणजे मधोमध खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या, पेटीजवळ पाणी झिरपायचे. आमचा मेस्त दारे-खिडक्या करणारा, होडीला त्याने कधी हात लावला नव्हता. त्याने कुजलेला भाग कापला, कडा तिरप्या तासल्या, त्यावर मरीन प्लायचे ठिगळ इपॉक्सीने बसवले. आता तिथे थेंब येत नाही. साधे प्लाय मात्र चुकूनही लावू देऊ नका. खाऱ्या पाण्यात त्याचे थर सुटतात.

फेब्रुवारीपासून दुपारी वायव्येचा वारा धरतो. ओहोटीचे पाणी झुआरी नदीतून बाहेर निघाले की त्या वाऱ्यावर आदळून आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथे ही होडी नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलून पुढे जाते, पण दोघांनी होडीतल्या पायपट्ट्यांत पाय अडकवून बाहेर झुकायलाच हवे. जास्त कलली तर सुकाणू जड होते आणि वेग मरतो. तिसरे फुग्याचे शीड नाही, होडीबाहेर लटकायची दोरी, म्हणजे ट्रॅपीझ, नाही. दोन शिडे आणि दोघांचे वजन, एवढ्यावर सगळे. “आत्ये, शीड सोड!” हे भाचीच्या तोंडून इतक्या लवकर येईल असे मला वाटले नव्हते.

१९८२च्या एशियाडमध्ये, मुंबईच्या समुद्रावर, एंटरप्राइझ होड्यांच्या वर्गाचे सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम आणि गोशपी आवारी या दांपत्याने जिंकले. नवरा-बायकोने एका होडीत बसून पदक मिळवावे, हे मला फार आवडते.

खटकणाऱ्या दोन गोष्टी. वर्गाची ओळख असलेली निळी शिडे सुंदर, पण दूरच्या बार्जवाल्याला ती दिसत नाहीत. मी डोलकाठीच्या टोकाला केशरी पताका लावली. दुसरे, जुन्या होडीत तरंगण्यासाठी हवेच्या पिशव्या असतात. विकत घेताना त्या फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ लागल्या तर आधी त्या बदला, मगच पाण्यात उतरा.

आणि एकट्यानेच जायचे असेल तर लेझर ही एकट्याने चालवायची होडी बघा. हिला दुसरे माणूस लागतेच.