निंबोळी अर्क: गच्चीवरील बागेतील आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आवारातील कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, त्यांचा गर काढून बिया सावलीत वाळवल्या आणि जुलै ते फेब्रुवारी या काळात गच्चीवरील तीसेक कुंड्यांवर मुख्यतः 5 टक्के निंबोळी अर्कच फवारला. त्यासाठी 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम भरड आदल्या रात्री भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी सायंकाळी फडक्यातून पिळून गाळायची आणि त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळायचे. मिक्सर मात्र थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवल्यास तेल सुटून भरडीचा लगदा होतो.

पहिल्या फवारणीनंतर तिसऱ्या दिवशीही मिरचीवरचा मावा जागच्या जागी दिसल्याने मी निराश झालो होतो. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन किडीला लगेच मारत नाही. तिची खाण्याची इच्छा कमी करते आणि कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणते, त्यामुळे परिणाम पिल्लांवर आणि सावकाश दिसतो. सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या झाल्यावर नवे शेंडे स्वच्छ आले. आधीच मुरडलेली पाने अर्थातच सरळ झाली नाहीत. लिंबावरच्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या लहान अळ्यांवरही अर्काचा चांगला उपयोग झाला, मात्र मोठ्या हिरव्या अळ्या हातानेच वेचाव्या लागल्या.

जास्वंदीवरील पिठ्या ढेकणाने मात्र हार मानली नाही. त्याच्या अंगावरील मेणचट आवरणातून अर्क आत पोहोचत नसावा. जुन्या टूथब्रशने खोडे घासली, मुंग्यांची रांग तोडली आणि शेवटी दोन फांद्या छाटल्या, तेव्हा कुठे झाड सावरले. मध्यंतरी घाईने विकतचे कडुनिंब तेल दुप्पट प्रमाणात आणि तेही भर उन्हात फवारले, त्यात तुळशीची पाने करपली. हा दोष तेलाचा नव्हे, माझाच.

सूर्यप्रकाशात अझाडिरॅक्टिनचे विघटन होते, म्हणून फवारणी सायंकाळीच करावी. त्या वेळी मधमाश्याही फुलांवर नसतात. पावसाने अर्क धुऊन जात असल्याने ऑगस्टमधील निम्म्या फवारण्या वाया गेल्या. एका परिचितांनी दिलेल्या दोन वर्षांपूर्वीच्या निंबोळ्यांचा तर काहीच गुण आला नाही. यंदा वाळवलेल्या बिया कापडी पिशवीत भरून तिच्यावर तारीख लिहिणार आहे आणि जास्वंदीसाठी टूथब्रश वेगळा ठेवला आहे.