कौलांखालची जाळी: केरीच्या जुन्या घरातून

जुन्या घराला पत्रा चढवायचा विचार करत असाल तर आधी कौलांखाली जाळी मारून बघा. गोव्यात केरी-सत्तरीतल्या आमच्या मंगळुरी कौलांच्या घराचं हे काम यंदा शाकारणीच्या वेळी वाळपईच्या सुतारांकडून करून घेतलं. मी पूर्ण समाधानी आहे.

दिवसा माकडं फणसावरून थेट छपरावर येतात, कौलं सरकवतात, फोडतात. रात्री त्याच फटीतून उदमांजर माळ्यावर उतरतं. त्याच्या घाणीने काळ्या पडलेल्या फळ्या ज्यांनी घासल्यात, त्यांना तो वास वेगळा सांगायला नको.

सुतारकाकांनी कौलाला हात लावण्याआधी बॅटरी घेऊन माळ्याचा कोपरान्‌कोपरा पाहिला. "बाय, पयलीं पिलां आसात काय पळोवया." मला हे फार आवडलं. पिल्लं आत असताना वाट बुजवली तर ती उपाशी मरतात, आणि आई बाहेरून कौलं उचकटत राहते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं या जनावराला संरक्षण आहे, विष घालण्याचा विचारही करू नका.

मग कौलं उतरवली, कुजलेल्या रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, बदलल्या. वाशांवर जस्ताचा मुलामा असलेली वेल्डेड जाळी ताणून बसवली, वर रिपा, त्यावर कौलं. जाळी अर्ध्या इंचाचीच मागा. एक इंचातून उंदीर आरामात शिरतो, आणि उंदरामागे धामण. पागोळीकडे वाशांच्या टोकांमधल्या फटीही त्यांनी न सांगता बंद केल्या, आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, सिमेंटात पक्के केले. समुद्राजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेला जस्त फार टिकत नाही, स्टेनलेस स्टीलची घ्या.

माकडांच्या उड्या यानं थांबत नाहीत. कौल अजूनही फुटतं, पण तुकडा जाळीवर अडतो आणि आत कुणी येत नाही. छपरावर आलेल्या फणसाच्या फांद्या मात्र छाटाव्याच लागल्या. प्लायवूडचं छत ठोकून सगळं बंद करायचा सल्लाही मिळाला होता, तो मी मानला नाही. आपल्या पावसाळ्यात लाकडाला वारा लागलाच पाहिजे, नाहीतर वासे कुजतात, वाळवी लागते.

एक खटकलं: कापलेल्या जाळीचे टोकदार तुकडे अंगणात तसेच टाकून गेले. आमच्याकडे गुरं फिरतात. फोन केल्यावर येऊन उचलले, पण तुम्ही आधीच बजावा. आणि मे महिन्यात हे लोक मिळत नाहीत, फेब्रुवारीतच सांगून ठेवा.