लग्नासाठी कोल्हापुरात येणाऱ्या पाहुण्यांनो, काय बघाल आणि काय सोडाल

लगीनसराई आली की आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी फोन सुरू होतात. "आत्या, जेवण आणि रिसेप्शनच्या मध्ये चार तास मोकळे आहेत, कुठं जाऊ?" पर्यटकांसाठी केलेल्या याद्या इथं कामाला येत नाहीत, कारण त्या अख्खा दिवस हातात धरून केलेल्या असतात. लग्नाला आलेल्या माणसाकडे वेळेचे तुकडे असतात, अंगावर काठपदराची साडी असते आणि बरोबर गुडघे दुखणारी आजी असते. मी प्रत्येक जागा त्याच हिशेबानं जोखली आहे.

आधी मुक्कामाचं. कार्यालय हायवेच्या अंगाला असलं तरी खोली गावात घ्या, महाद्वार रोड, भवानी मंडप, बिंदू चौक या भागात. खोल्या लहान असतील, गाडी लावायला त्रास होईल, तरीही घ्या. अंबाबाई, जुना राजवाडा, गुजरीची सराफपेठ, खासबाग सगळं पायी होतं आणि रिक्षा कुठंही मिळते. कार्यालयाशेजारच्या चकाचक लॉजवर उतरलेले पाहुणे लग्न लावून परत जातात, कोल्हापूर त्यांना खिडकीतूनसुद्धा दिसत नाही.

अंबाबाईचं दर्शन पहाटे घ्या. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीचा दिवस टाळता आला तर रांगेतले तास वाचतात. दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. काळ्या दगडातल्या बाहेरच्या भिंतींवर कोरलेल्या मूर्ती बघत सावकाश एक फेरी मारा. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात. ढग किंवा धुकं आड आलं नाही तर ती पायांपासून वर चढत मूर्तीच्या मुखापर्यंत पोचतात. तुमच्या लग्नाची तारीख या दिवसांना लागून असेल तर एक संध्याकाळ राखून ठेवा. दाटी प्रचंड होते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना तेवढं नेऊ नका.

तिथून भवानी मंडप दोन मिनिटांवर आहे. पुढं गुजरी. लग्नाला आलेल्या बायकांनी वेळेचा मोठा तुकडा इथं घालवावा असं माझं स्पष्ट मत आहे, सोनं घ्यायचं नसलं तरी. कोल्हापुरी साज इथं कारागिराच्या हाताखाली बघायला मिळतो. त्यात 21 पानं मानतात: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, माणिक आणि पाचूची दोन आणि शेवटचं डोरलं. दुकानदाराला विचारा, तो एकेक पान बोटानं दाखवून सांगतो. ठुशी, पुतळीहार, बेलपान यांतलं काहीतरी चांदीवर मुलामा दिलेलंही मिळतं, आणि नवरीला आहेर म्हणून ते मिक्सरपेक्षा कितीतरी बरं.

चपलांविषयी जरा सविस्तर सांगते, कारण पाहुणे फसतात ते इथंच. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी नावाखाली रेक्झिनचा माल सर्रास विकला जातो. गेल्या हंगामात माझ्या मावसबहिणीला स्टँडकडच्या एका दुकानात असलाच जोड गळ्यात मारला. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये जा आणि चार दुकानं फिरा. चप्पल उलटी करून तळ बघा. खऱ्या चपलेचा तळ चामड्याच्या वादीनं शिवलेला असतो, खिळा नसतो. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याचा वास नाकाला कळतो. कापशी हा प्रकार पायाला भारदस्त दिसतो, नऊवारीखाली तर फार शोभतो. मुहूर्ताच्या सकाळी घेऊन लगेच घालायची मात्र नाही. नवी चप्पल अंगठ्याला चावते. आदल्या रात्री पट्ट्यांना आतून खोबरेल चोळून ठेवा, घरात थोडं चाला, पाण्यापासून लांब ठेवा.

खाण्याकडे येते. लग्नाचं जेवण बहुतेक ठिकाणी शाकाहारी असतं, त्यामुळं मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा कधी खायचा हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. माझं उत्तर: लग्न पार पडल्यावर. हळदीच्या रात्री ताटभर मटण आणि वाट्यांवर वाट्या रस्सा रिचवून सकाळी अक्षता टाकायला उभं राहणं अवघड जातं. सवय नसेल तर पांढऱ्यापासून सुरुवात करा. नारळाचं दूध, खसखस आणि मटणाचं पाणी यांचा तो रस्सा पोटाला सोसतो. तांबडा घोट घेऊन बघा, मग वाढवा. मोठ्या हॉटेलांपेक्षा गल्लीतली खानावळ मला नेहमी उजवी वाटते. मटण ताजं असतं आणि वाढणारा "अजून घ्या की" म्हणत भांडं घेऊनच उभा असतो.

मिसळ सकाळीच. उद्यमनगरातल्या फडतऱ्यांकडे रांग असते, पण रांगेला जागणारी चव आहे. इथं मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात, आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागून घ्यायचा. तिखट झेपत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा, त्यात कमीपणा काही नाही. संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ. आणि रात्री, जेवण झाल्यावर, गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोर उभी, समोरच धार काढलेली, फेसाळ गरम ग्लास हातात. बाहेरून आलेल्या लहान मुलांना यापेक्षा जास्त काही आवडल्याचं मला आठवत नाही.

भेळ खाता खाता खासबाग मैदान बघून घ्या. शाहू महाराजांनी 1912 साली पूर्ण केलेला हा कुस्तीचा आखाडा ताटलीसारखा खोलगट आहे, त्यामुळं मागच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. रोमचं कलोसियम पाहून आल्यावर महाराजांच्या मनात ही कल्पना आली असं सांगतात. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळालं. त्या रात्री अख्खी पेठ रस्त्यावर होती, माणसं ढसाढसा रडत होती. या गावाला आपलं नाटक किती जवळचं आहे ते कुणाला समजून घ्यायचं असेल तर हेही सांगायला हवं.

एक गोष्ट पाहुण्यांना कुणीच सुचवत नाही, ती मी आवर्जून सुचवते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर स्थानिक फुटबॉल चालतो. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा अशा तालमींचे संघ उतरतात आणि पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. कुस्तीच्या तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ, हे इथंच बघायचं. वऱ्हाडातल्या कंटाळलेल्या पोरांना दुपारी तिकडे पाठवा.

न्यू पॅलेस एक तास मिळाला तर बघा. 1884 साली बांधून झालेली ही वास्तू बाहेरून देखणी आहे, आतलं संग्रहालय शस्त्रं आणि शिकारीची आवड असणाऱ्यांसाठी. मला त्याहून टाउन हॉलचं संग्रहालय आवडतं. तिथं गर्दी नसते, झाडांची सावली असते आणि इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठाला रोमचा माल येत होता, याचा हा पुरावा. रंकाळा तलाव संध्याकाळी, पण रविवारी नको, उभं राहायला जागा मिळत नाही.

पन्हाळा सुमारे 20 किलोमीटरवर आहे म्हणून लोक तो मधल्या चार तासांत कोंबायला बघतात. तसं करू नका. तीन दरवाजा, अंधार बाव, अंबरखाना, सज्जा कोठी हे चालून बघायचं असतं. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली. 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळाही आहे. रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी थांबा आणि सकाळी लवकर निघा. अजून एक दिवस असेल तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल आकाश मोकळं ठेवलंय, त्याखाली उभं राहिलं की निघावंसं वाटत नाही.

परत जाताना गूळ घ्या. हंगाम ऐन लग्नांच्या दिवसांतच असतो. पिवळाधमक ढेप टाळून काळपट तांबूस घ्या, आणि काकवी मिळाली तर तीही, झाकण घट्ट लावून घेऊन. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणाऱ्यांना या खरेदीसाठी संध्याकाळ मोकळी मिळते. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळजवळच आहेत, त्यामुळं एसटीनं जाणाऱ्यांची आणि रेल्वेवाल्यांची रिक्षा एकच करता येते.